घरट्यात हात कधी घालायचा?

13 मार्च 2025च्या रात्री दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर तलावाच्या परिसरात बर्फाचं वादळ झालं. तलावाजवळच्या एका जेफ्री पाइन वृक्षावर, जमिनीपासून सुमारे 145 फुटांवर, बाल्ड ईगल जातीच्या गरुडांच्या जोडीचं घरटं आहे. मादीचं नाव जॅकी, नराचं शॅडो. घरट्यात तेव्हा तीन पिल्लं होती. थोरली दोन जेमतेम दहा दिवसांची, धाकटं तर पाच-सहा दिवसांचंच. सकाळ झाली तेव्हा दोनच पिल्लं दिसत होती. घरट्यावर रोखलेल्या कॅमेऱ्यातून जगभरातले असंख्य लोक ही जोडी पाहत असतात, त्यामुळे प्रश्नही लगेच आला: एवढी माणसं बघत असताना त्या पिल्लासाठी कुणी काहीच का केलं नाही? हा प्रश्न भाबडा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. त्याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘निसर्गात ढवळाढवळ करू नये’. ते उत्तर अपुरं आहे. याच कॅलिफोर्नियात, बिग बेअरपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटरवरच्या कॅटलिना बेटावर, याच जातीच्या गरुडांच्या घरट्यांतून माणसांनी वर्षानुवर्षं अंडी काढून नेली आणि पिल्लं परत आणून ठेवली. माझ्या मते तिथे हात घालणं बरोबर होतं आणि इथे न घालणंही बरोबर आहे. या दोन्हींचं कारण एकच आहे, आणि ते कळण्यासाठी आधी अंड्याकडे नीट पाहायला हवं.

त्या वर्षी जॅकीने 22, 25 आणि 28 जानेवारीला अंडी घातली. दोन अंड्यांत तीन-तीन दिवसांचं अंतर. मात्र पहिलं पिल्लू 3 मार्चच्या रात्री बाहेर आलं आणि दुसरं 4 मार्चला पहाटेच. तीन दिवसांचं अंतर काही तासांवर कसं आलं? याचं उत्तर उबवण्याच्या पद्धतीत आहे. पहिलं अंडं घातल्यावर मादी त्याच्यावर पूर्ण अंग टेकवून बसत नाही. ते गोठणार नाही एवढीच काळजी घेते. पुरेशी ऊब मिळेपर्यंत आतला गर्भ वाढायला लागत नाही, थांबून राहतो. दुसऱ्या अंड्यानंतर खरं उबवणं सुरू होतं आणि दोघांची वाढ जवळपास बरोबरीने होते. तिसऱ्याच्या वाट्याला हा थांबा येत नाही. म्हणून ते पिल्लू 8 मार्चला आलं, तेव्हा थोरली दोघं चार-पाच दिवसांनी पुढे गेलेली होती. या वयात चार दिवसांचा फरक फार मोठा असतो. मान उंच धरता येणं, आईच्या चोचीपर्यंत पोहोचणं, घास पकडणं, सगळ्यात धाकटं मागे पडतं. अन्न मुबलक आणि हवा बरी असली तर तिघंही जगतात. नसली तर धाकट्यावर पहिली वेळ येते. त्या रात्री नेमकं कोणतं पिल्लू गेलं यावर मी काही उभारत नाही. पण तीन अंडी घालणं म्हणजे तीन गरुड वाढवण्याची हमी नसते. अनिश्चित हवेत निदान एखादं तरी पदरात पडावं अशी ती तजवीज असते, आणि तिच्या हिशेबात नुकसान आधीच धरलेलं असतं.

प्रत्यक्ष पिल्लू बाहेर येतानाचे तास तर मदतीला सर्वांत कमी वाव देणारे असतात. बाल्ड ईगलचं अंडं साधारण सात सेंटिमीटर लांब, मळकट पांढरं. आतलं पिल्लू आधी अंड्याच्या रुंद टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीत चोच घुसवतं आणि आयुष्यात पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेतं. मग चोचीच्या टोकावरच्या टणक टेंगळाने कवचाला आतून टोचे मारतं. बाहेरून आधी एक चीर दिसते, नंतर छोटंसं भोक. त्या भोकापासून पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात, आणि त्यातला बराच वेळ ते निपचित पडून असतं. बघणाऱ्याला वाटतं ते अडकलं, थकलं, आता कुणीतरी कवच सोलून द्यायला हवं. आत मात्र फार महत्त्वाचं काम चाललेलं असतं. आजवर ज्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिन्यांनी त्याला प्राणवायू पुरवला, त्यांतलं रक्त अंगात ओढलं जात असतं. उरलेला बलक पोटात घेतला जात असतो. या वेळी कुणी कवच काढलं तर त्या जिवंत वाहिन्या फाटून पिल्लू रक्त जाऊन मरू शकतं. जॅकी आणि शॅडो त्याला हात लावत नाहीत, हे निष्ठुरपणाचं लक्षण नाही. ते दोघं पाळीपाळीने बसतात, अधूनमधून चोचीने अंडी फिरवतात आणि घरट्यात चालताना नख्यांच्या मुठी वळून पाय टाकतात. मासा क्षणात फाडणारी ती नखं अंड्याला लागू नयेत म्हणून एवढी खबरदारी. शिकारी पक्ष्यांत मला याहून देखणं काही ठाऊक नाही.

इतकी काळजी घेऊनही या जोडीची अंडी अनेकदा वाया गेली. 2021मध्ये पहिल्या खेपेची अंडी रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यांनी संपवली. दुसऱ्या खेपेत एक अंडं फुटलं आणि एक पिल्लू बाहेर येता येताच मेलं. 2022मध्ये एक पिल्लू उडालं. 2023ची अंडी पुन्हा कावळ्यांनी खाल्ली. 2024मध्ये तीन अंडी झाली आणि तीनही उबली नाहीत; हिमवादळात जॅकी एकदा जवळजवळ 62 तास सलग त्यांच्यावर बसून राहिली, तरी काही झालं नाही. या यादीमुळे वाटेल की ही जात संकटात असावी. वस्तुस्थिती उलट आहे. 2021मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी वन्यजीव खात्याच्या अंदाजानुसार, अलास्का वगळता मुख्य भूमीवर 71,400 घरटी करणाऱ्या जोड्या आणि एकूण तीन लाखांवर बाल्ड ईगल होते. म्हणजे एका घरट्याला ओळीने अपयश येऊनही जात भरभराटीला येऊ शकते.

आणि एका घरट्यात सारं शांत, नीट दिसत असताना जात संपतही असू शकते. चार्ल्स ब्रोली हा निवृत्त बँक अधिकारी 1939पासून फ्लोरिडातल्या उंच झाडांवर चढून गरुडांच्या पिल्लांच्या पायांत खुणेच्या कड्या घालत असे. सुरुवातीला त्याला वर्षाला शंभराहून अधिक पिल्लं मिळत. 1947च्या सुमारास संख्या घसरू लागली आणि पुढच्या दशकाच्या अखेरीस ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. गरुड होते, घरटी होती, जोड्या बसत होत्या. पिल्लं तेवढी नव्हती. ब्रोलीने संशय डीडीटी या कीटकनाशकावर घेतला. त्याचा पुरावा थोड्या वर्षांनी ब्रिटनमधून आला. डेरेक रॅटक्लिफ यांनी बहिरी ससाण्याच्या संग्रहातल्या जुन्या अंड्यांची कवचं नव्या अंड्यांशी ताडून पाहिली आणि 1967मध्ये दाखवून दिलं की डीडीटीचा वापर सुरू झाल्यापासून कवचं पातळ झाली आहेत. डीडीटीपासून बनणारं डीडीई हे द्रव्य पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत आणि मग मासे खाणाऱ्या पक्ष्यात साठत जातं. कवच घडवणाऱ्या ग्रंथीत कॅल्शियम पोहोचण्याच्या क्रियेत ते अडथळा आणतं. परिणामी आई अंड्यावर बसते आणि तिच्याच वजनाखाली ते चिरडतं. 1963मध्ये अलास्का सोडून साऱ्या मुख्य भूमीवर ज्ञात जोड्या पाचशेच्याही आत आल्या होत्या. त्या काळात कुणी एखाद्या घरट्यावर पहारा ठेवला असता, कावळे हाकलले असते, बर्फ झाडला असता, तरी एकही कवच जाड झालं नसतं. ते झालं 1972मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातल्यामुळे. 2007मध्ये गरुडाचं नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढलं गेलं, तेव्हा जोड्या दहा हजारांच्या जवळ पोहोचल्या होत्या.

आता कॅटलिना. लॉस एंजेलिसजवळच्या टोरन्समधल्या एका कारखान्याने सांडपाण्यातून समुद्रात सोडलेलं शेकडो टन डीडीटी किनाऱ्याजवळच्या तळाच्या गाळात बसलं होतं. बंदीने नवं विष थांबलं, पण गाळातलं थांबलं नाही. 1980पासून बेटावर गरुड पुन्हा सोडले गेले. ते जगले, जोड्या जमल्या, पण अंडी टिकेनात. तेव्हा 1989पासून जीवशास्त्रज्ञांनी घरट्यांतली अंडी काढून त्यांच्या जागी खोटी ठेवायला सुरुवात केली. खरी अंडी यंत्रात उबवली जात. जोडी खोट्या अंड्यांवर निष्ठेने बसून राही, आणि मग पिल्लू आणून तिच्यापुढे ठेवलं जाई. हे काम धोक्याचं आणि खर्चाचं होतं. तरी ते केलं गेलं, कारण इथे अंडी फुटण्यामागे हवा नव्हती, कावळे नव्हते, माणसाने ओतलेलं विष होतं. त्यावरचा खरा उपाय काळच करणार होता, आणि तोवर बेटावरची जात टिकवून धरणं हे माणसाचं देणं होतं. 2006मध्ये शेजारच्या सांताक्रूझ बेटावर आणि 2007मध्ये कॅटलिनावर पिल्लं माणसाच्या मदतीशिवाय अंड्यातून बाहेर आली. मग अंडी उचलण्याची गरज संपत गेली.

म्हणून हात घालण्याआधी मी एकच गोष्ट विचारेन: हे नुकसान कुठून आलं आणि ते कुठे दुरुस्त होतं? बिग बेअरला बर्फ पडतो आणि कावळे असतात. ते तिथलेच आहेत. त्या रात्री 145 फुटांवर माणूस चढवला असता तर दोन्ही पालक उडून जाण्याचा आणि त्या थंडीत उरलेली दोन पिल्लंही उघडी पडण्याचा धोका होता. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पिल्लाला अंगाची उष्णता स्वतः राखता येत नाही. हीच दोन पिल्लं पुढे वाढली, जूनमध्ये उडाली. गावातल्या शाळेच्या मुलांनी त्यांची नावं सनी आणि गिझमो ठेवली.

यावर आक्षेप येतो तो वजनदार आहे. आज माणसाचा हात नसलेलं नुकसान उरलंच कुठे? हवामान बदलतंय, शिकाऱ्यांच्या गोळ्यांतलं शिसं मेलेल्या जनावरांतून गरुडांच्या पोटात जातंय. 2022मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तपासलेल्या बाल्ड ईगलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा आढळल्या. रेघ स्वच्छ नाही, हे मान्य. पण शिशाचं उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देतं. शिसेबाधा झालेला एखादा गरुड पकडून उपचार करणं योग्यच. तरी शिसं थांबतं बंदुकीची गोळी बदलली की. कॅलिफोर्नियाने 2019पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, ती एखाद्या घरट्यावर चढून घालता आली नसती. दुसरा आक्षेप डीडीटीच्या बाजूने येतो: मलेरियापासून माणसं वाचवणाऱ्या औषधाला गरुडांसाठी दोष का द्यायचा? पण गरुडांपर्यंत डीडीटी पोहोचलं ते मुख्यतः शेतांवरच्या, जंगलांवरच्या अफाट फवारणीतून आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून. घरांच्या भिंतींवर मारण्यापुरता त्याचा वापर वेगळा ठेवता येतो. भारताने 1989मध्ये शेतीतला वापर बंद केला आणि आरोग्यासाठीचा मर्यादित वापर चालू ठेवला, तो याच फरकावर.

तिसरा आक्षेप कॅमेऱ्यावर आहे. नावं ठेवायची, पिल्लू मेलं की हळहळायचं, आणि खरं संवर्धन बाजूलाच, असा. इथे मी बघणाऱ्यांच्या बाजूने आहे. ब्रोलीनेही बघण्यापासूनच सुरुवात केली होती. घरट्यात काय घडत नाहीये हे कुणीतरी वर्षानुवर्षं नोंदवल्याशिवाय विषाचा मागच लागला नसता. 2024मध्ये न उबलेल्या तीन अंड्यांसाठी आठवडेच्या आठवडे थांबलेल्या माणसांना अपयश हाही गरुडांच्या जगण्याचा भाग असतो, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट समजलं असेल. कॅमेरा चालवणारी ‘फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली’ ही संस्था त्या हळहळीला घरट्याबाहेर वळवते आहे. तलावाच्या उत्तर किनाऱ्यावर मून कॅम्प नावाची जमीन आहे. तिथे 50 घरांची वसाहत उभारण्याच्या प्रस्तावाशी ही संस्था बरीच वर्षं लढत आली आहे. किनाऱ्यावरच्या ज्या झाडांवरून गरुड मासे आणि पाणपक्षी हेरतात, ती झाडं कॅमेऱ्याच्या चौकटीत क्वचितच येतात.

आपल्याकडे याचा पडताळा गिधाडांनी दिला. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांतून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याला ही झीज भरून काढणं शक्यच नव्हतं. 2006मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली. 2023मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक या त्याच जातकुळीतल्या औषधांवर. पण माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक दुकानांत मिळतंच आणि ते गुरांना टोचण्यापासून कुणाला रोखणं सोपं नाही. कोकणात गिधाडं किंवा समुद्र गरुड पाहायला जाणाऱ्यांनी घरट्यापासून दूर राहावं हे योग्यच आहे. त्याबरोबर जवळच्या गावातला गुरांचा डॉक्टर डायक्लोफिनॅकऐवजी गिधाडांना न बाधणारं मेलॉक्सिकॅम वापरतो का, आणि ज्या आंब्यावर किंवा वडावर घरटं आहे ते झाड कुणाच्या मालकीचं आहे, हेही त्यांनी विचारावं. समुद्र गरुड जुन्याच घरट्यावर दरवर्षी नव्या काटक्या रचतो, आणि ते झाड खासगी जागेत असेल तर ते ठेवायचं की तोडायचं हे त्याच्या मालकाशी बोलूनच ठरणार आहे.