त्रिमितीय प्रतिमानांतील खोलीच्या निर्देशकांचे समायोजन : कमांड लाइन पद्धतीचा परिचय

प्रस्तावना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पेशींच्या अंतर्भागाचा अभ्यास करताना मिळणारी एकच प्रतिमा ही द्विमितीय असते. परंतु नमुना निरनिराळ्या कोनांत कलवून घेतलेल्या अनेक प्रतिमा संगणकाद्वारे एकत्र केल्या, तर त्यापासून वस्तूची त्रिमितीय पुनर्रचना करता येते. या पुनर्रचनेस टोमोग्राम असे म्हणतात. टोमोग्राममधील एकेका छेदावर पेशीघटकांच्या बाह्यरेषा आखून त्यांचे प्रतिमान तयार केले जाते व त्यावरून अंतर, पृष्ठफळ आणि घनफळ मोजले जाते. या मोजमापांची विश्वसनीयता प्रतिमानातील प्रत्येक बिंदूच्या एक्स, वाय व झेड या तीन निर्देशकांवर अवलंबून असते. यांपैकी पहिले दोन निर्देशक डोळ्यांना प्रत्यक्ष दिसतात, म्हणून त्यांतील चूक लवकर ध्यानात येते. झेड हा खोलीचा निर्देशक मात्र छेदांच्या क्रमांकावरून ठरतो आणि त्यातील चूक सहजासहजी दिसत नाही.

प्रस्तुत लेखात 'आयमॉड' या संगणक प्रणालीच्या संदर्भात खोलीचे निर्देशक का व कसे बदलावे लागतात, तसेच ते केव्हा बदलू नयेत, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. ही प्रणाली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील प्रयोगशाळेत विकसित झाली. क्रेमर, मास्ट्रोनार्डे व मॅकिंटॉश यांनी १९९६ साली एका शोधनिबंधाद्वारे तिचा परिचय करून दिला. ती विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे मर्यादित साधनसामग्री असलेल्या महाविद्यालयांनाही उपयोगी पडू शकते.

निर्देशकांची मांडणी

आयमॉडच्या प्रतिमानात वस्तू, वस्तूतील बाह्यरेषा आणि बाह्यरेषेतील बिंदू अशी उतरंड असते. येथे एक बारकावा लक्षात घेणे आवश्यक आहे. एक्स व वाय दिशांत पहिल्या चित्रघटकाचा मध्य ०.५ या स्थानी मानला जातो, तर झेड दिशेत पहिल्या छेदाचा मध्य शून्यावर मानला जातो. शिवाय पडद्यावर छेदांचे क्रमांक १ पासून दाखविले जातात. म्हणजे पडद्यावरील ७६ व्या छेदावर आखलेल्या बिंदूचा संचिकेतील झेड निर्देशक ७५ असतो. स्वतःची लहानशी आज्ञावली लिहून निर्देशक हाताळणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली चूक बहुधा येथेच होते.

समायोजनाची गरज का भासते?

खोलीचे निर्देशक बदलण्याची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे टोमोग्रामची छाटणी. समजा, प्रतिमान मूळ टोमोग्रामवर आखले आणि नंतर खालचे २० रिकामे छेद काढून टाकले, तर झेड ७५ वरील बिंदू नव्या टोमोग्राममध्ये ५५ वर यावयास हवा. हे स्थानांतर होय.

दुसरे कारण म्हणजे अक्षांची अदलाबदल. कलत्या प्रतिमांपासून पुनर्रचना केल्यावर आरंभी मिळणाऱ्या टोमोग्राममध्ये नमुन्याची जाडी झेड दिशेत नसून वाय दिशेत असते. नंतर ती झेड दिशेत आणली जाते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. वाय व झेड यांची नुसती अदलाबदल केली, तर वस्तूचे आरशातील प्रतिबिंबासारखे रूप तयार होते, म्हणजेच उजव्या मळसूत्राचे डावे मळसूत्र होते. एक्स अक्षाभोवती ९० अंशांत फिरविले, तर असे होत नाही. नागमोडी किंवा मळसूत्राकार रचनांचा अभ्यास करणाऱ्याने यांपैकी कोणता मार्ग वापरला गेला, याची नोंद ठेवणे अनिवार्य आहे.

तिसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे छेदांचे आकुंचन. प्लॅस्टिकमध्ये रुतवून कापलेले छेद इलेक्ट्रॉन झोताखाली आले की त्यांची जाडी लक्षणीय प्रमाणात घटते. लांबी-रुंदीतील घट त्या मानाने फारच अल्प असते. लूथर, लॉरेन्स व क्राउथर यांनी या आकुंचनाचे मापन करण्याची पद्धत १९८८ साली मांडली होती. परिणामी टोमोग्राममध्ये दिसणारी वस्तू मूळ वस्तूपेक्षा चपटी असते.

आकुंचनाचा मोजमापावरील परिणाम

एका काल्पनिक उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट करता येईल. २५० नॅनोमीटर जाडीचा छेद टोमोग्राममध्ये १५० नॅनोमीटर जाड दिसला आणि प्रत्येक चित्रघटक १ नॅनोमीटरचा आहे, असे समजू. येथे दुरुस्तीचा गुणक २५० भागिले १५० म्हणजे सुमारे १.६७ येतो. आता दोन बिंदूंमध्ये एक्स दिशेत ३०, वाय दिशेत ४० व झेड दिशेत ६० नॅनोमीटर अंतर असेल, तर दुरुस्तीविना सरळ अंतर सुमारे ७८ नॅनोमीटर येते. झेडमधील अंतर १०० धरल्यावर तेच सुमारे ११२ नॅनोमीटर होते. परंतु जे दोन बिंदू एकाच छेदावर आहेत, त्यांच्यातील ५० नॅनोमीटरचे अंतर दोन्ही वेळी ५० च राहते.

यावरून दिसून येते की ही चूक सर्व दिशांत सारखी नसते. 'सर्वच मापे सारख्या प्रमाणात चुकली, तर तुलना बिघडत नाही' हा युक्तिवाद येथे टिकत नाही. आडव्या व उभ्या रचनांची तुलना केल्यास केवळ आकुंचनामुळे त्यांच्यात फरक दिसेल आणि तो जैविक फरक म्हणून नोंदविला जाईल. घनफळाच्या बाबतीत ६० नॅनोमीटर व्यासाच्या गोलाकार पुटिकेचे खरे घनफळ सुमारे १,१३,१०० घन नॅनोमीटर असते. चपट्या रूपात ते सुमारे ६७,९०० इतकेच भरते. ही तूट ४० टक्के आहे.

कमांड लाइनद्वारे समायोजन

शेकडो बाह्यरेषा हाताने सरकविणे शक्य नसते. त्यासाठी 'आयमॉडट्रान्स' ही आज्ञा वापरतात. (प्रत्यक्षात ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकलिखित करावी लागते.) वरील छाटणीच्या उदाहरणात आज्ञेचे रूप पुढीलप्रमाणे असेल :

आयमॉडट्रान्स -टीझेड -२० जुने.मॉड नवे.मॉड

येथे 'टीझेड' हा पर्याय झेड दिशेतील स्थानांतर दर्शवितो, तर 'एसझेड' हा पर्याय झेड दिशेतील पट दर्शवितो. 'आय' या पर्यायापुढे टोमोग्रामचे नाव दिल्यास प्रतिमान त्या टोमोग्रामच्या निर्देशक पद्धतीशी जुळवून घेतले जाते. टोमोग्रामच्या शीर्षनोंदीत आरंभबिंदू व चित्रघटकाचे माप अचूक असेल, तर हा मार्ग अधिक सुरक्षित ठरतो.

दोन क्रिया करावयाच्या असतील, तर त्यांच्या क्रमाने उत्तर बदलते. झेड ७५ मधून आधी २० वजा करून नंतर शून्यापासून १.६७ ने गुणले, तर सुमारे ९२ येतात. आधी गुणून नंतर २० वजा केले, तर सुमारे १०५ येतात. म्हणून दोन्ही क्रिया एकाच आज्ञेत न घालता स्वतंत्र आज्ञांनी कराव्यात व मधली संचिका जपून ठेवावी. पट बदलताना कोणता बिंदू स्थिर धरला गेला, हे एका ज्ञात बिंदूवर पडताळून पाहावे.

दुसरा मार्ग मजकूर संचिकेचा आहे. 'मॉडेल२पॉइंट' ही आज्ञा प्रतिमानातील सर्व बिंदू मजकुराच्या स्वरूपात उतरविते. वस्तू व बाह्यरेषा यांचे क्रमांकही मागितल्यास झेड निर्देशक पाचव्या स्तंभात येतो. 'ऑक' या आज्ञाभाषेतील एका ओळीत त्या स्तंभातून इष्ट संख्या वजा करता येते आणि 'पॉइंट२मॉडेल' या आज्ञेने पुन्हा प्रतिमान बनविता येते. हा मार्ग पारदर्शक आहे, कारण प्रत्येक आकडा वाचून पाहता येतो. मात्र मजकुरात केवळ बिंदू उतरत असल्यामुळे पूर्वी तयार केलेले पृष्ठजाल नाहीसे होते व ते 'आयमॉडमेश' या आज्ञेने पुन्हा तयार करावे लागते.

केव्हा बदल करू नये?

आकुंचनाच्या दुरुस्तीसाठी निर्देशकांनाच १.६७ ने गुणणे हा मार्ग वरवर सोपा वाटतो. परंतु तसे केल्यास बाह्यरेषा ज्या छेदांवर आखल्या, त्यांच्याशी त्या जुळत नाहीत. त्या दोन छेदांच्या मधे पडतात, पृष्ठजालात खंड पडण्याचा संभव असतो आणि मूळ प्रतिमेवर प्रतिमान पुन्हा तपासता येत नाही. यासाठी प्रतिमानाच्या शीर्षनोंदीत झेड-पट नोंदविण्याची सोय आहे. निर्देशक होते तेच राहतात आणि 'आयमॉडइन्फो' या आज्ञेने घनफळ किंवा पृष्ठफळ काढताना हा पट विचारात घेतला जातो. तात्पर्य, स्थानातील चूक निर्देशकांत दुरुस्त करावी आणि मापातील चूक शीर्षनोंदीत.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. नमुना साधारणतः ६० ते ७० अंशांपलीकडे कलविता येत नाही. त्यामुळे काही माहिती अप्राप्य राहते व वस्तू खोलीच्या दिशेत ताणलेली दिसते. ६० अंशांच्या मर्यादेस हा ताण सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.५५ पट असतो. तथापि ही बिंदूंच्या स्थानातील चूक नसून प्रतिमेतील अस्पष्टता आहे, म्हणून झेड-पट कमी करून ती दूर होत नाही. तसेच अतिशीत अवस्थेत गोठविलेल्या नमुन्यांत प्लॅस्टिक छेदांसारखे आकुंचन होत नसल्याने त्यांना प्लॅस्टिक छेदांचा गुणक लावणे चुकीचे ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की खोलीच्या निर्देशकांचे समायोजन ही केवळ तांत्रिक बाब नसून संशोधनाच्या प्रामाणिकपणाशी निगडित बाब आहे. गुणक अंदाजाने ठेवला, तर हवे ते घनफळ मिळविणे कठीण नाही. म्हणूनच छेदाची मूळ जाडी कशी ठरविली, टोमोग्राममधील जाडी किती आढळली, स्थानांतर व पट कोणत्या क्रमाने केले, या सर्व गोष्टी प्रबंधात नमूद झाल्या पाहिजेत. कमांड लाइनचा खरा लाभ येथेच आहे. माउसने केलेला बदल मागे खूण ठेवीत नाही, परंतु टंकलिखित आज्ञा जशीच्या तशी परिशिष्टात देता येते आणि परीक्षकास ती पुन्हा चालवून पाहता येते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून अंतिम आकड्यांबरोबर ही आज्ञांची यादीही मागून घ्यावी.