डॉल्फिनची हमी
अख्खी होडी भाड्याने घेऊन मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाकडे जाणाऱ्या पर्यटकांची सरबराई अवश्य व्हावी. परंतु ‘डॉल्फिन न दिसल्यास पैसे नकोत’ ही हमी कोणाच्या जिवावर दिली जाते? डॉल्फिन हा मासा नव्हे. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते. नेमक्या त्याच क्षणी होड्या त्याला घेरतात, आणि आतील मंडळी टाळ्या पिटतात! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. २००१ पासून प्रवाळही. बेटानजीकच्या, वर्षाकाठी काही मिलिमीटरच वाढणाऱ्या त्या प्रवाळावर स्नॉर्केलिंगवाले खुशाल पाय रोवतात. तांडेलांनी अंतर राखून यंत्र बंद करावे, आणि हमीची पाटी आधी उतरवावी. सरकारने परवान्यातच तशी अट घालावी, अशी आमची मागणी आहे.