बासची तार थांबवायला आधी शिका

अलिबाग, पेण, उरणच्या पट्ट्यात हळदीच्या रात्री आगरी-कोळी गाणी रंगतात. लग्नघरात धवलारीण धवले गाते, दारात खालूबाजा वाजतो. त्यांच्या जोडीला आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि काही ठिकाणी बास गिटारही आली आहे. कोळीगीतांची सहा मात्रांची उसळी पाय हलवते, ती ठोक्यांइतकीच दोन ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेमुळे. ती जागा बासच्या लांबलेल्या घुमण्यानं भरली की ढोलकी बुजते, ताल जड होतो. म्हणून बास हाती घेणाऱ्यानं पहिल्या दिवसापासून तार थांबवायला, वादकांच्या बोलीत 'म्यूट' करायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

यामागचं कारण वाद्यातच आहे. चार तारांच्या बासवर ई, ए, डी आणि जी या मोकळ्या तारा साधारण 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झला लागतात. ई तारेवर पाचव्या फ्रेटला बोट दाबलं की 55 हर्ट्झचा स्वर येतो. तोच शेजारच्या मोकळ्या ए तारेचा. त्यामुळे ए तारेला कुणी हातही न लावता ती थरथरू लागते. डी तारेवर दुसऱ्या फ्रेटला वाजवलेला स्वर तर ई तारेच्या बरोबर दुप्पट कंपनसंख्येचा असतो, म्हणून तिकडे ई तार जागी होते. घरच्या छोट्या अँपवर हे फारसं जाणवत नाही. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर मात्र हाच खर्ज गढूळ होऊन बाहेर येतो, आणि वादकाला वाटतं साउंडवाल्याचं चुकलं.

आपला कान तर अनुनादावर वाढलेला आहे, असा आक्षेप येईल. मिरजेच्या तंबोऱ्याची आस, सतारीच्या तरफांचा झंकार यांवर आपण जीव टाकतो. मग बासनंच गप्प का राहायचं? तरफा रागाच्या स्वरांत मुद्दाम लावलेल्या असतात, म्हणून त्यांची साथ गोड लागते. बासच्या मोकळ्या तारा प्रत्येक गाण्यात त्याच चार स्वरांत असतात, मग गाणं कुठल्याही पट्टीत असो. शिवाय थांबवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. तबल्याच्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यांत 'घे'सारखे खुले आणि 'के'सारखे बंद बोल एकत्रच दिले जातात. बंद बोल पुढच्या वर्षी, असं कुठलाही गुरू म्हणत नाही.

तारा थांबवण्याचं काम दोन्ही हात वाटून घेतात. उजव्या हातानं वाजवणाऱ्यानं डी तार छेडली की छेडणारं बोट ए तारेवर येऊन टेकावं, अंगठा ई तारेवर ठेवावा, आणि डाव्या तर्जनीची सपाट बाजू जी तारेला हलकी लागलेली असावी. स्वर संपवताना डावं बोट दाब सोडतं, पण तार सोडत नाही. इथं एक काळजी घ्यावी: पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर एकच बोट टेकलं तर शिट्टीसारखा बारीक स्वर निघतो; म्हणून दोन बोटं ठेवावीत.

ब्रिजजवळ फोमचा तुकडा खोचला की झालं, असंही सांगतात. त्यात तथ्य आहे. 1951 च्या फेंडर प्रिसिजन बासच्या ब्रिजवरच्या झाकणात तारा दाबण्याची सोय होती, आणि अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमर्सन फोम ठेवूनच वाजवत. पण फोम सगळ्याच स्वरांना सारखं आखूड करतो. एक स्वर लांबवून लगेच पुढचा तोडायचा असेल तर तिथं बोटंच लागतात. किनाऱ्यावर खाऱ्या हवेनं तारा लवकर गंजतात, त्यांचा आवाज मंदावतो, आणि तेवढ्यानं हात साफ झाल्याचा भास होतो. नव्या तारा चढवल्या की खरं काय ते कळतं.

सुरुवातीलाच हा जाच कशाला, मुलं कंटाळतील, ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून आवडत्या कोळीगीताचीच चाल घ्या, पण संथ. एक मात्रा स्वर, एक मात्रा पूर्ण शांतता. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त शांततेच्या मात्रांकडे लक्ष द्या. तिथं काही गुणगुणत असेल, तर कोणती तार हे शोधून तिच्यावर बोट ठेवा.