दुकानाची वाट पायी धरा

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमची मोटारसायकल बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, "शेठ, पार्ट मुंबईहून यायचा आहे, आठ दिवस धरा." पावसाळा तोंडावर आलेला. आमचा धंदा हार्डवेअरचा. ताडपत्री, दोर, पत्र्याचे स्क्रू आणि प्लास्टिकचे कापड यांची मागणी नेमकी याच दिवसांत असते, म्हणजे दुकान वेळेवर उघडायलाच हवे. दोन वेळचे रिक्षाभाडे रोज परवडणारे नव्हते. तेव्हा कोकण नगरातून मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ असे करीत गोखले नाक्यापर्यंत आम्ही पायीच निघालो.

पहिल्या दिवशी धाप लागली आणि थोडी लाजही वाटली. ओळखीचे दोघे गाडी थांबवून विचारून गेले, "काय शेठ, गाडी विकली की काय?" आठ दिवसांनी गाडी दुरुस्त होऊन आली. परंतु त्या आठ दिवसांत जे पाहिले आणि जे कळले, त्यामुळे सकाळची वाट आजही आम्ही पायीच धरतो. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी तिचा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाटेवरच्या बारीकसारीक गोष्टी

रत्नागिरीची वस्ती काही सड्यावर आणि काही खाली समुद्राच्या अंगाला. सड्यावरून बाजारात येणाऱ्याला सकाळी बहुतेक उतारच लागतो. हा उतार गाडीवरून पाच-सात मिनिटांत संपतो आणि डोळे खड्ड्यांवर आणि पुढच्या एस.टी.वर असतात. पायी येणाऱ्याला तोच रस्ता वर्तमानपत्रासारखा वाचता येतो.

तिसऱ्या दिवशी एका घरापुढे जांभ्याचे चिरे उतरवलेले दिसले. गवंड्याला सलाम केला, चार शब्द बोललो. माडीचे काम निघाले होते. चिरे आले म्हणजे पुढे चौकटी येणार, चौकटींमागून बिजागऱ्या, कड्या आणि शेवटी रंग. त्या कामाचा बराचसा माल पुढे आमच्याच दुकानातून गेला. गाडीवरून जाताना तो ढिगारा आम्हाला दिसला असता, पण गवंडी दिसला नसता.

मासे घेऊन बसलेल्या बाईची पाटी पाहिली तरी बाजाराचा अंदाज येतो. पाटीत बांगडा भरपूर असेल तर मिरकरवाड्यात होड्यांना मासा लागला आहे आणि संध्याकाळी खलाशाच्या खिशात रोख असणार, असे समजावे. पाटी रिकामी असेल तर आठवडाभर वहीतच लिहावे लागणार. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर राजिवडा आणि मिरकरवाडा यांच्या जिवावर चालणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने हात आखडता घेऊनच माल भरावा. हे आपल्याला ठाऊक नसते असे नाही, परंतु रोज डोळ्यांनी पाहिले म्हणजे ते वेळेवर आठवते. आंब्याच्या दिवसांत टेम्पोवर पेट्या किती चढताहेत, बेकरीवर पहाटेच्या पावाला रांग किती आहे, कोणत्या दुकानाचे शटर चार दिवस उघडलेले नाही, या सगळ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी आहेत. पण धंद्याची अक्कल अशा क्षुल्लक गोष्टींतूनच येते. आमचे वडील जुन्या वाटेने, पाखाडी उतरून दुकानात येत. बाजारात काय चालले आहे हे त्यांना गल्ल्यावर बसण्याआधीच कळलेले असे.

उधारीने शिकवलेला धडा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहीत आहोत, ती सांगतो.

फर्निचरचे काम करणारे एक मिस्त्री आमचे जुने गिऱ्हाईक. माणूस सचोटीचा. त्यांच्याकडे काही हजारांची उधारी थकली होती. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येऊन थोडे तरी देणारा हा माणूस दीड महिना फिरकला नाही. आम्ही फोन केले, तो उचलला गेला नाही. एकदा मुलाने उचलला, तेव्हा आम्ही चढ्या आवाजात म्हणालो, "अब्बांना सांग, हिशेब पुरा करा, नाहीतर माल मिळणार नाही." मुलगा "जी" म्हणाला आणि फोन ठेवला.

पायी जाण्याच्या पाचव्या दिवशी त्यांच्या घरावरून गेलो. घर रस्त्यालगतच आहे. पडवीत रंधा आणि करवती पोत्याखाली झाकून ठेवलेल्या दिसल्या. कामाच्या दिवशी कारागिराची हत्यारे झाकलेली असणे हे काही बरे लक्षण नव्हे. आम्ही थांबलो. मिस्त्रींच्या घरच्या बाहेर आल्या, डोक्यावर पदर घेत म्हणाल्या, "भाईजान, त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात उचलत नाही. तुमचे पैसे बुडणार नाहीत."

त्यांचे शेवटचे वाक्य ऐकून आमची मान खाली गेली. दीड महिना दिवसातून चार वेळा आम्ही त्याच दारावरून गाडीने गेलो होतो. आत एक माणूस खाटेवर पडून होता आणि बाहेरून आम्ही त्याच्या बुडीत पैशाचा हिशेब करीत होतो. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, अशी शिकवण सूरह बकराच्या २८० व्या आयतीत आहे. ती आम्हाला ठाऊक होती. पण माणूस अडचणीत आहे हे कळलेच नाही, तर शिकवण पाळणार कशी?

आत जाऊन मिस्त्रींना भेटलो. आधी आमच्या त्या फोनबद्दल माफी मागितली. उधारीचा विषय त्यांनी काढू पाहिला, तो आम्ही काढू दिला नाही. त्यांच्या मुलाने आता हत्यारे हाती घेतली आहेत. त्याला लागणारा माल आम्ही थोडाथोडा देतो आणि तो जमेल तसे फेडतो. जुनी उधारी अजून पुरी फिटलेली नाही. मिस्त्री काठी घेऊन पडवीत येऊन बसतात आणि सकाळी आमच्या सलामाची वाट पाहतात. गाडी बंद पडली नसती तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

शरीराचा हिशेब

दुकानदाराचे काम बैठे. शिंपी, घड्याळ दुरुस्त करणारा, सोनाराकडचा कारागीर हेही दिवसभर बसूनच असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज दिला आहे. त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून अधिक. आपल्या ओळखीच्या दहा दुकानांत डोकावले तर चहा "बिनसाखरेचा" सांगणारे किती निघतात, ते पाहावे.

बसण्याचा आणि रोगाचा संबंध डॉक्टरांना फार पूर्वी दिसला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये अधिक आढळला. आपल्यापैकी गल्ल्यावर बसणारा प्रत्येक जण या हिशेबाने ड्रायव्हरच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. पायी चालण्याचा वेग किलोमीटरला बारा मिनिटे धरला तर अडीच किलोमीटरला अर्धा तास लागतो. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस फक्त सकाळची एक खेप पायी केली तरी हा हिशेब पुरा होतो. रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत असेही नाही. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमधील पावले मोजणाऱ्या एका यंत्राच्या नावावरून रूढ झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात साडेचार हजारांच्या आसपास पावलांनीही फायदा दिसून आला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मिरकरवाड्यात माशांच्या पाट्या वाहणारा हमाल, डोक्यावर चिरे चढवणारा मजूर यांना हा सल्ला नाही. त्यांचे शरीर दिवसभर झिजते, त्यांना विश्रांतीची गरज आहे. हा लेख आपल्यासारख्या बसणाऱ्यांसाठी आहे.

खिशाचा हिशेब

घर दुकानापासून अडीच किलोमीटरवर आहे असे धरा. सकाळी जाणे, दुपारी जेवायला येणे, पुन्हा जाणे आणि रात्री परतणे मिळून दहा किलोमीटर होतात. गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देत असेल तर दोनशे मिलिलिटर पेट्रोल जळते. लिटरला शंभर रुपये धरले तर रोजचे वीस, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे पाचशे आणि वर्षाचे सहा हजार रुपये झाले. ऑईल, टायर आणि गॅरेज वेगळेच. दुपारचा डबा सोबत नेला आणि रात्रीचा चढ रिक्षाने किंवा बसने चढला, तर सगळे सहा हजार वाचणार नाहीत, पण थोडे तरी हाती राहतील. छोट्या दुकानदाराला तेवढेही कमी नसतात.

बाजारात चालणे ही सुन्नत

पायी बाजारात जाण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी सूरह फुरकान वाचावी. हा कसला प्रेषित, जो जेवतो आणि बाजारातून चालतो, असा आक्षेप विरोधकांनी घेतल्याचे सातव्या आयतीत आले आहे. पूर्वीचे सर्व प्रेषितही जेवत असत आणि बाजारांतून चालत असत, असे त्याचे उत्तर विसाव्या आयतीत आहे. सूरह मुल्कच्या पंधराव्या आयतीत तर जमिनीवर चालणे आणि अल्लाहने दिलेली रोजी खाणे या दोन गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांची एक हकीकत इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये आहे. ते सकाळी बाजारात जात, पण काही खरेदी करीत नसत, भावही विचारीत नसत. सोबतच्या तुफैल यांनी कारण विचारले. तुफैल यांचे पोट सुटलेले होते. त्यावरून हजरतांनी त्यांना थट्टेने हाक मारली आणि सांगितले की, भेटेल त्याला सलाम करण्यासाठीच आपण येतो. मिस्त्रींच्या पडवीपुढे आम्हाला ही हकीकत आठवली.

याचा अर्थ वाहन वाईट असा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) कुबा मशिदीला कधी पायी, तर कधी सवारीवर जात असत, असे हदीसमध्ये आहे. गरजेला वाहन वापरावे, केवळ सवयीने वापरू नये, एवढेच आमचे म्हणणे.

अडचणी आणि आपला दोष

वाट सोपी नाही. शंभर इंचांहून अधिक पाऊस, अरुंद रस्ता, अंगावर येणाऱ्या गाड्या आणि भटकी कुत्री, या साऱ्यांतून चालावे लागते. नगरपालिकेकडे पदपथाची मागणी करावी, ती रास्तच आहे. परंतु जिथे चालायला जागा आहे तिथे बादल्या, पाईप आणि कपड्यांचे स्टँड कोणी मांडून ठेवले आहेत? आम्हीच. आमच्या दुकानाच्या पत्र्याच्या पेट्याही गटाराच्या फरशीवर असत. त्या पायी चालताना आम्हालाच आडव्या आल्या, तेव्हा आत घेतल्या. वाटेतला त्रास दूर करणे हा सदका आहे. मग वाटेत त्रास मांडून ठेवणे काय आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

शेवटी काही सूचना. सुरुवात आठवड्यातून दोन दिवसांनी करावी. चप्पल फरफटणारी नको, पायाला घट्ट बसणारी हवी. मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय तपासावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. छातीत दुखले किंवा फार धाप लागली तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. हृदयरोग्यांनी आधीच विचारून घ्यावे. पावसात छत्रीबरोबर एक कोरडा पायजमा दुकानात ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मान खाली घालून चालू नये. दोन्ही बाजूंची दारे पाहत, सलाम करीत चालावे. एखाद्या दारी हत्यारे झाकलेली दिसली तर थांबून विचारपूस करावी. दुकान दहा मिनिटे उशिरा उघडले तरी चालेल.