साप चावला? स्टॅच्यू!

आपट्याचं रेल्वे स्टेशन तुम्ही नक्की पाहिलंय. घरबसल्या! १९९५ सालच्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ सिनेमात शेवटी सिमरन गाडीमागे पळते ना, ते स्टेशन म्हणजे पनवेल–रोहा मार्गावरचं हे आपटा.

सिनेमात पळू दे तिला. पण इथल्याच भाताच्या खाचरात, लावणीच्या चिखलात कुणाला साप चावला, तर त्याने एक पाऊलसुद्धा पळायचं नाही. का?

साप विष सोडतो ते बहुतेक वेळा कातडीखाली. तिथून ते पसरतं मुख्यतः लसिकेतून. लसिका म्हणजे आपल्या शरीरात फिरणारा पाण्यासारखा द्रव. रक्ताला ढकलायला हृदय आहे, लसिकेला तसा पंप नाही. आपले स्नायू हलतात, नळ्या दाबल्या जातात, तशी ती पुढे सरकते. म्हणजे पळणारा माणूस स्वतःच आपलं विष पुढे ढकलत असतो! तुम्ही खेळता तो ‘स्टॅच्यू’ इथे खरंच जीव वाचवायला मदत करतो. चावलेल्या हाताला किंवा पायाला काठी, फळी, अगदी छत्रीसुद्धा लावून ओढणीने सैलसर बांधा. मोडलेलं हाड बांधतात ना, तसं.

सैलसरच हं! सिनेमातला हिरो करकचून दोरी आवळतो, चाकूने चीर देतो, तोंडाने विष चोखतो. तिन्ही चूक. घोणस आणि फुरशाच्या विषाने चावल्याजागचं मांस सडू शकतं. त्यात रक्त अडवलं तर पायच गमवायची वेळ येते. चोखून विष निघत नाही, आणि चिरलेली जखम भळाभळा वाहत राहते. अंगठी, बांगड्या, पैंजण मात्र लगेच काढा, कारण सूज चढली की ते रुततात.

मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते, आणि कित्येकदा दुखतही नाही. म्हणून दुखत नाही, सूज नाही, तरी दवाखाना चुकवायचा नाही.

तिथे जे औषध मिळतं, ते बनतं घोड्यांमुळे. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं रक्त विषाशी लढणारे पदार्थ बनवतं, आणि तेच गाळून, शुद्ध करून बाटलीत भरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर हे एकच औषध चालतं. मग साप मारून सोबत नेण्यात काय अर्थ? त्या नादात दुसराही माणूस चावून घेतो.

तुमच्या हातात काय आहे? १०८ नंबर फिरवायचा. मोठ्यांना हाक मारायची. ‘काका, हलू नका, गाडी येतेय’ असं म्हणत शेजारी बसायचं. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवायचं. गाडीपर्यंत त्यांना चालवायचं नाही, चौघांनी बाजेवर उचलून न्यायचं. आणि पेन असेल तर आपल्या तळहातावर चावल्याची वेळ लिहून ठेवायची. डॉक्टर हमखास विचारतात, ‘किती वाजता चावला?’