खाजरी वेल, कामाची बी!

दिवाळीनंतर रत्नागिरीच्या आडवाटांवर खाजकुइलीच्या शेंगा लटकतात. चुकून हात लागला, की मेलात! पण याच वेलीच्या बियांमध्ये आहे एल-डोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध. भारतीय शास्त्रज्ञांनी ते या बियांमधून १९३७ मध्येच वेगळं केलं होतं.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. डोपामिन बाहेरून दिलं, तर ते मेंदूत शिरतच नाही. एल-डोपा मात्र शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. आखडलेले हातपाय सुटतात. पेशींचं मरण मात्र थांबत नाही. म्हणून आता स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी मेंदूत रोपून पाहतायत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचण्यांत हे सुरक्षित दिसलं.

गावी बाबांचा हात थरथरतोय? ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. घरी बिया कुटण्यापेक्षा त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.