व्ही-मॅक्सचा पुढचा शॉकअप

यामाहाच्या व्ही-मॅक्सचं नाव निघालं की आधी इंजिनाची गोष्ट होते, आणि ते रास्तच आहे. १९८५ सालची गाडी, ११९८ सीसी, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात बसवलेले चार सिलिंडर, ताकद साधारण १४५ हॉर्सपॉवर. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसचं वेड डोळ्यापुढे ठेवून अकिरा अराकी यांच्या चमूने ती घडवली. इंजिन मात्र घेतलं ते कंपनीच्याच ‘व्हेंचर’ या लांब पल्ल्याच्या गाडीचं. त्याला ‘व्ही-बूस्ट’ जोडलं. सहा हजार आरपीएमच्या आसपास आतल्या झडपा उघडू लागतात आणि एकेका सिलिंडरला दोन-दोन कार्ब्युरेटर मिश्रण पुरवायला लागतात. टाकीच्या दोन्ही बाजूंचे हवेचे भोंगे नुसते शोभेचे, आणि टाकीही खोटीच. पेट्रोल असतं सीटखाली.

हा सगळा जोर ज्या पुढच्या शॉकअपने सावरायचा, त्याच्या पाइपचा व्यास होता ४० मिमी. पेट्रोल-तेलासह गाडी २८० किलोच्या घरात. सरळ रस्त्यावर ती सुटते तेव्हा तक्रारीला जागा नसते. वळण आलं, ब्रेक दाबला, की पुढचा भाग धपकन खाली बसतो, आणि त्याच क्षणी खड्डा आला तर दाबायला शॉकअपमध्ये काही उरलेलंच नसतं. जोरात वळताना बारीक पाइप पिळवटतात, हँडल एक सांगतं आणि चाक जरा उशिरा ऐकतं. कंपनीलाही हे कळत होतं. १९९३ मध्ये पाइप ४३ मिमीचे झाले, डिस्क मोठ्या आल्या, चार पिस्टनचे कॅलिपर आले. आठ वर्षं लागली त्याला. २००७ पर्यंत गाडी बनत राहिली, पण शॉकअपच्या आतली रचना जुनीच राहिली.

ती रचना आपल्याला परकी नाही. आपल्याकडच्या बहुतेक रोजच्या वापरातल्या मोटरसायकलींत आजही तीच असते, आणि असे शॉकअप वाळूज-चाकणच्या कारखान्यांत तयार होतात. आत एक पोकळ दांडी, तिला ठरावीक मापाची भोकं, आणि त्यांतून ढकललं जाणारं तेल. गोम या भोकांतच आहे. तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट होतो. म्हणून ब्रेक लावल्यावर शॉकअप सावकाश दबतो तेव्हा विरोध फार कमी पडतो, आणि रस्त्यावरच्या तीक्ष्ण उंचवट्यावर तो इतका वाढतो की दणका थेट मनगटात येतो. तेल घट्ट केलं की दुसरं दुखणं वाढतं, पातळ केलं की पहिलं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत हे चालून जातं. इथे नाही.

यावरचा सर्वांत शहाणा इलाज बाहेरून दिसतच नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘रेस टेक’ कंपनीचा एम्युलेटर म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर बंद राहणारी एक छोटी झडप. ती दांडीच्या माथ्यावर ठेवायची, मुख्य स्प्रिंगच तिला दाबून धरते. दांडीची खालची भोकं मोठी करून, जोडीला नवी पाडून ८ मिमीची सहा करायची, म्हणजे तिचा अडथळा संपतो आणि शॉकअप दबतानाचं काम झडप बघते. दणका मोठा आला की ती उघडते आणि तेलाला वाट देते. शॉकअप परत वर येतानाचा वेग मात्र तेलाच्या घट्टपणावरच सोडलेला असतो.

सांगायला सोपं, करताना खालचा ऍलन बोल्ट छळतो. तो फिरवला की आतली दांडीही त्याच्याबरोबर फिरते. ती धरून ठेवायला लांब हत्यार लागतं, नाहीतर हवेवरची गन. दांडीला पाडलेली भोकं बुजवता येत नाहीत, तेव्हा गाडी मूळ रूपात जपायची असेल तर जादा दांड्यांचा जोड आधी मिळवावा. शॉकअप उघडलाच आहे तर ऑइल सील आणि बुश बदलून टाकावेत, हँडलच्या बेअरिंगचा कोनसेटही तपासावा. ढिल्या कोनसेटवर महागड्या झडपा बसवणं म्हणजे पैशांची नासाडी. शॉकअपच्या दोन्ही पायांना एकत्र बांधून ठेवणारा जाड ब्रेससुद्धा ४० मिमीच्या पाइपांना हवाच.

बरेच जण मात्र सरळ एखाद्या स्पोर्ट्‌स बाइकचा उलटा शॉकअप आणून बसवतात. दिसतो झकास. पण तो बहुधा आखूड असतो. पुढचा भाग खाली येतो, हँडलचा कोन उभा होतो, आणि क्लॅम्प, चाक, ब्रेक सगळंच बदलावं लागतं. २९ अंशांच्या कोनावर आखलेल्या लांबलचक गाडीचं गणित असं बाजारातून आणून जुळत नाही. मला हा सौदा तोट्याचा वाटतो.

त्यापेक्षा आपल्या वजनाला साजेशी स्प्रिंग घ्यावी. जुन्या मॉडेलमध्ये पायांत हवा भरायची सोय आहे, ती शून्यावर ठेवावी. स्वार पूर्ण पोशाखात बसला की एकूण १४० मिमीपैकी ३० ते ३५ मिमी शॉकअप दबला पाहिजे. जास्त दबला तर स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपचा थोडा लांब तुकडा, कमी दबला तर आखूड. मग पाइपभोवती एक केबल टाय बांधून नेहमीच्या रस्त्यावर फिरून यावं. टाय जिथवर सरकला तिथवर शॉकअप दबला. साध्या रस्त्यावरच तो तळाला टेकत असेल आणि स्प्रिंग योग्य असेल, तर तेलाची पातळी पाच-दहा मिमी वाढवून पाहावी. वरची हवा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात तीच जास्त जोराने अडवते.